शिडी गेली कुठे?

"पंखच कापून टाकू!" रथाचं काम सांभाळणाऱ्या हॅरीकाकांचा आवाज मंडपभर घुमला.

नेल्के झटकन पुढे आली. उद्या फुलांच्या रथांची मिरवणूक, आणि त्यांच्या वस्तीचा रथ म्हणजे डेलियाच्या फुलांनी मढवलेला भलामोठा बगळा. चित्र नेल्केचं! वस्तीने पहिल्यांदाच एका मुलीचं चित्र निवडलं होतं. आणि पंखांचा अजून नुसता लोखंडी सांगाडा होता.

"पंख कापले की कोंबडीच ती!" तिचा धाकटा भाऊ ट्वान म्हणाला.

"गप रे!" नेल्के रडकुंडीला आली होती.

"आणखी माणसं बोलवा!" काका गरजले. माणसं आली, फुलांच्या टोपल्यांशेजारी हात बांधून उभी राहिली. फुलं सुकायला लागली.

"एवढे हात रिकामे! मग अडलंय कुठे?" नेल्के म्हणाली.

"सगळे वर कुणाकडे बघतायत?" शेजारच्या यूपने बोट दाखवलं.

वर, उंच मचाणावर श्याकदादा होते. फुलं चिकटणार वाळलेल्या पुठ्ठ्यावर, आणि पंखांच्या बाकदार सांगाड्यावर पुठ्ठा चढवणं एकट्या श्याकदादांनाच जमे. मुलं टक लावून बघत राहिली.

"श्याक, खाली ये! गाड्याचं चाक निघालं!" खालून कुणीतरी हाक मारली. श्याकदादा उतरले. चढले. पुठ्ठ्याच्या पट्ट्या फाडायला पुन्हा उतरले. तेवढ्यात कॉफीची घंटा झाली! घंटा झाली की मंडपात काडीसुद्धा हलत नाही. सगळे लांब टेबलाशी, एकेक बिस्कीट घेऊन. श्याकदादाही! वर त्यांची खळ घट्ट होत होती.

"सापडलं!" नेल्के ओरडली. "काका, माणसं नकोत! श्याकदादांना फक्त खाली बोलावू नका."

"मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस! दुपार टळली की मी करवत घेणार!"

श्याकदादा पुन्हा वर चढले, आणि शिडी गायब झाली.

"दादा, चालेल ना?" यूपने हळूच विचारलं.

"मी काही पाहिलंच नाही!" ते हसले.

मग काय! ट्वानने पट्ट्या फाडल्या, यूपने पुन्हा निघालेलं चाक बसवलं, नेल्के दोरीला बादली बांधून ताजी खळ वर चढवत राहिली. कॉफीही बादलीतूनच गेली, बिस्किटं मात्र दोन!

काका करवत घेऊन आले. "शिडी? शिडी गेली कुठे?"

काका तणतणत शेजारच्या वस्तीत शिडी मागायला धावले. आज गावात मोकळी शिडी कुठली मिळायला! प्रत्येक मंडपात रथच चालले होते.

इकडे पहिला पंख वाळला. मुलांनी गवताखाली लपवलेली शिडी बाहेर आली, आणि टोपल्यांशेजारी थांबलेली माणसं फुलं घेऊन सरसर चढली. श्याकदादा केव्हाच दुसऱ्या पंखाकडे वळले होते.

काका शिडीविनाच परतले आणि दारातच थबकले. वर शुभ्र डेलियांचा अख्खा पंख पसरला होता! करवत हळूच खाली गेली.

"हे... कुणी केलं?"

"श्याकदादांनी," नेल्के चाचरत म्हणाली. "आम्ही फक्त त्यांना उतरू दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पंख पसरून बगळा गावातून डौलात गेला. नेल्केला भरून आलं. काकांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, माझी करवत हरली! पुढच्या वर्षी माणसं मी आणीन. पण शिडी तुझ्याच ताब्यात!"