फुकटची स्टीलची बाटली

कॉलेज फेस्टिव्हलच्या दिवशी मनाली बँकेच्या टेबलापाशी थांबली, ती टेबलामागच्या मुलासाठी नव्हे. टेबलावर स्टीलच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि तिची प्लॅस्टिकची बाटली त्याच सकाळी गळायला लागली होती.

"खातं उघड, बाटली फुकट," मुलगा म्हणाला.

"पैसे किती ठेवावे लागतात?"

"शून्य. तुझ्यासारख्यांसाठीच आहे."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

तो गडबडला. "म्हणजे... बाटलीकडे इतक्या प्रेमानं बघणाऱ्या."

मनालीनं आधारची झेरॉक्स दिली, तो बोट ठेवेल तिथं सही केली, बाटली घेतली आणि त्या खात्याचा विषय डोक्यातून काढून टाकला. मुलगा मात्र सहजी निघेना. त्याचं नाव केतन, राहायला गोरेगावला, तिच्याच वर्षाला पण दुसऱ्या तुकडीत. एका फॉर्ममागे त्याला चाळीस रुपये मिळत आणि तेवढाच फीला हातभार लागे.

घाटकोपरच्या मनालीचा महिना ठरलेला असे. मेट्रो, झेरॉक्स, मोबाइल आणि शेवटी 'इतर', दीडशे रुपये. प्रेम बसवायला ती जागा अपुरी होती, हे तिला स्वच्छ कळत होतं.

"चहा घेणार?" त्यानं आठवड्याभरात विचारलं.

"एकवीस तारीख आहे. माझं 'इतर' संपलं."

"मी देतो ना यार."

"मग तुझं संपेल."

"संपू दे की!"

ती गेली. पुढे एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा, असं ठरलं. दोन ग्लासांपैकी कडा न फुटलेला ग्लास तो रोज तिच्याकडे सरकवायचा. तिच्या ते लक्षात आलं होतं आणि आवडलंही होतं. पण मनाली अशा गोष्टी बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती.

मार्चमध्ये घोळ झाला. शिष्यवृत्तीचे पैसे आधी विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि मग त्यानं ते कॉलेजात भरायचे असतात. पोर्टलवर 'रक्कम जमा' असं दिसत होतं, मनालीच्या पासबुकात मात्र एक पैसा नव्हता. शुक्रवारपर्यंत अठरा हजार चारशे भरले नाहीत तर हॉलतिकीट नाही, असं ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं. घरात एवढे पैसे नव्हते. वर्ष गेलं तर पुन्हा कॉलेजचं नाव निघेल की नाही, याचीही खात्री नव्हती.

हे सगळं तिनं केतनला बुधवारी, चहा पिता पिता, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"पोर्टल उघड बघू," तो म्हणाला. मग तिच्या फोनवरची ओळ त्यानं पुन्हा वाचली.

"काय झालं?"

"सरकारी पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात."

"माझं जुनं खातं जोडलेलं आहे रे."

"होतं." त्यानं ग्लास खाली ठेवला. "बाटलीवाल्या फॉर्मवर एक चौकट होती. सरकारी पैसे या खात्यात यावेत का, अशी. तिथं टिक मी केली... तुला न विचारता. टिक असली की दहा रुपये जास्त मिळायचे."

बँकेनं घोळ घातला असं तो म्हणाला असता, तरी तिनं विश्वास ठेवला असता. त्यालाही ते ठाऊक होतं.

"दहा रुपयांसाठी माझी वाट लावलीस," ती म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी चहा अर्धाच राहिला.

गुरुवारी सकाळी ती बाटलीवाल्या बँकेच्या अंधेरीच्या शाखेत पोचली तेव्हा केतन दारातच उभा होता. ती त्याला ओलांडून आत गेली. तो दोन पावलं मागे उभा राहिला. काउंटरवरच्या बाईंनी नवं पासबुक मशीनमध्ये सरकवलं. पासबुक करकरत बाहेर आलं. त्यावर एकच ओळ होती, अठरा हजार चारशे.

मनालीनं आकडे बोटानं मोजून पाहिले. इतका आनंद झाला की शेजारी उभं असेल त्याला मिठी मारावी. शेजारी येऊन उभा होता तो केतन, म्हणून तिनं कॉलेजच्या नावाच्या डीडीचा फॉर्म मागितला.

"ते दहा रुपये कुठायत?" लिहिता लिहिता तिनं विचारलं.

"संपले. तुझा पहिला चहा..."

"म्हणजे तो माझ्याच पैशांचा होता!" तिला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. "चिडलेय मी अजून. यापुढे मला विचारल्याशिवाय कुठं टिक करायची नाही."

"मग विचारतो."

त्यानं रद्दीत पडलेली एक स्लिप उलटी केली आणि काउंटरला दोरीनं बांधलेलं पेन ओढून लिहिलं — 'केतन आवडतो का?' खाली दोन चौकटी काढल्या, 'हो' आणि 'नाही'. कान लाल झालेले, नजर स्लिपवर. पेन त्यानं तिच्यासमोर धरलं.

दोरी आखूड होती. टिक करायला मनालीला त्याच्या अगदी जवळ सरकावं लागलं. ती सरकली, 'हो'वर टिक केली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'चहा अजूनही आळीपाळीनंच.'