फरकाचे कारण

“वहिनी, तुम्ही हे आमच्यापासून लपवून ठेवलंत?”

दिराच्या हातातल्या पत्राकडे तिचं लक्ष नंतर गेलं. आधी काळजात रुतला तो ‘तुम्ही’! एकोणीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आणि तिनं त्याला गमतीनं पहिलंच वाक्य ऐकवलं होतं, “अहो भाऊजी, आधी नाक पुसा.” तेव्हापासून ती त्याला अहो-जाहो करायची आणि तो तिला अगं-तूगं. घरातला हा उलटा कारभार पाहून पाहुणे हसायचे. आज मात्र त्यानं तिला ‘तुम्ही’ म्हटलं, आणि हातातली भरलेली बादली कुठे टेकवावी हेच तिला सुचेना...

पत्र भत्त्याच्या कचेरीचं होतं. दीर लिफ्टची दुरुस्ती करायचा. आठ महिन्यांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पडून त्याची पाठ दुखावली, तेव्हापासून घरात कमावती ती एकटीच. खाणारी तोंडं चार: ती, दीर, धाकटी जाऊ आणि पाच महिन्यांचं बाळ. त्याच्या नावानं मिळणाऱ्या आधारभत्त्यावर त्याचे उपचार चालले होते, आणि अजून सहा महिने ते नेटानं चालले तरच तो पुन्हा शिडीवर चढू शकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता कचेरी म्हणत होती की घरातल्या कमावत्या बाईनं अर्जात दाखवलेला पगार आणि मालकानं कळवलेला पगार यांचा मेळ बसत नाही. भत्ता तूर्त थांबवला आहे. पंधरा दिवसांत फरकाचे कारण द्यावे, अन्यथा उत्पन्न लपवले असे समजून तो वर्षभर बंद राहील.

“दर महिन्याला पगाराचा चौथा हिस्सा गायब आहे,” दीर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. “दादा गेला, पण जाताना माझी सोय करून गेला. माझं शिक्षण, माझी अवजारं, माझं लग्न... सगळं त्यानं ठेवलेल्या पैशांतून झालं. आणि तुम्ही मात्र घरातल्या घरात वेगळी चूल मांडलीत.”

धाकटी बाळाला खांद्यावर थोपटत भिंतीकडे बघत राहिली. कुणाची बाजू घ्यावी, तिला कळेना.

वहिनी एवढंच म्हणाली, “फॉर्म भरताना माझंच काहीतरी चुकलं असेल. मी बघते.” आणि बादली उचलून आत गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं. चौथा हिस्सा कुठे जातो, हे तिला पाठ होतं. दहा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा त्याच्या कपाटात दोन शर्ट आणि छापखान्यातल्या शाईनं काळा झालेला एक रुमाल, एवढंच निघालं होतं. सतरा वर्षांचा दीर दाराआड उभा राहून रडत होता, शिक्षण सोडून हमाली करतो म्हणत होता. त्या क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं, “तुमच्या दादानं तुमच्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत, भाऊजी.” मग ते पैसे उभे करणं भागच होतं! ती काम करत होती त्या इस्पितळाच्या धुलाईघरातून तिनं आगाऊ रक्कम उचलली. ती फिटत आली तेव्हा अवजारांसाठी दुसरी, मग लग्नासाठी तिसरी. ती तिसरी अजून कापली जात होती. पोरक्या पोराच्या मनात त्याचा दादा देवासारखा उभा होता. त्या देवाला तिनं दहा वर्षं चादरींच्या घड्या घालून पोसलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती कचेरीत गेली. तिचा नंबर होता एकशे चौदा, आणि फलकावर चालू होता बावीस. चार नंबरच्या खिडकीला काच, काचेला बशीएवढं भोक, आणि ते भोक अशा उंचीवर की माणसानं कमरेत वाकल्याशिवाय त्याचं म्हणणं आत पोचू नये. खिडकीमागच्या बाईंनी तिचा अर्ज काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, ‘मिळालेला पगार.’

“मिळालेला म्हणजे एकूण,” बाई म्हणाल्या.

“पण मला जेवढा मिळाला तेवढाच मी लिहिला.”

“एकूण मिळाला, त्यातला काही कापला गेला, उरलेला हातात आला. तुम्ही हातातला लिहिलात.”

“जो हातातच आला नाही, तो मिळाला कसा?”

बाईंनी तिच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू दिवसभरात हा प्रश्न त्यांना सतराव्यांदा विचारला गेला होता. मग त्यांनी सांगितलं की चूक सुधारता येईल, मात्र कपात कशाची आहे त्याचा मालकाचा कागद लागेल, आणि कारणासकट लागेल. कारणाशिवाय चालणार नाही का, असं वहिनीनं वाकूनच विचारलं. बाईंनी मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

तिथून ती धुलाईघरात गेली. पगारपत्रकं बघणारे नाना, ज्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवायलाही जागा नसे, आधी आपली बाजू सावरत म्हणाले की आम्ही कचेरीला काहीच कळवत नाही, सगळं कंप्युटर पाठवतो. कंप्युटरनं कपात का नाही कळवली, तर कचेरीनं तो रकानाच ठेवलेला नाही. कचेरीला विचारलं तर ती म्हणणार मालकाला विचारा. वहिनीला एकाएकी इतका वैताग आला की कंप्युटरच्याच पुढे जाऊन हात जोडावेत असं तिला वाटलं. शेवटी ती म्हणाली, “नाना, नुसते आकडे लिहून द्या. कशासाठी, ते लिहू नका.”

नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. दहा वर्षांपूर्वीही त्यांनी असंच पाहिलं होतं. तेव्हा त्यांनी तिला आगाऊ रकमेचा नियम वाचून दाखवला होता, आणि तिनं क्षणभर थांबून कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले होते. ते शब्द वाचून नानांनी काहीही न विचारता शिक्का मारला होता. आताही त्यांनी फक्त जुनी फाइल ओढली. संध्याकाळी एक बंद पाकीट त्यांनी तिच्या हातात ठेवलं. “खिडकीवरच उघडायला सांगा,” एवढंच म्हणाले. नुसते आकडेच असतील, असं तिनं मनाला समजावलं.

कचेरीचा नियम असा की भत्ता ज्याच्या नावावर, त्यानं सहीला स्वतः यायचं. त्यामुळे तेराव्या दिवशी ती आणि दीर, दोघंही चार नंबरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले होते. तो पाठीला पट्टा बांधून, काठी गुडघ्यांत धरून ताठ बसला होता. तिनं आणलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. गेल्या तेरा दिवसांत तो तिच्याशी जे काही बोलला, ते सगळं ‘तुम्ही’त. तीन तासांनी त्यांचा नंबर आला. त्याला वाकता येईना म्हणून बाईंनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, बाजूचं दार उघडून दोघांना आत खुर्च्यांवर बसवलं आणि पाकीट फोडलं.

आत आकड्यांचा कागद होता. त्यामागे तीन जुने, पिवळे अर्ज टाचलेले होते. वहिनीनं ते लगेच ओळखले. नाना, हे काय केलंत...

बाई मोठ्यानं वाचू लागल्या. “आगाऊ रक्कम पहिली. कारण, मुलाचे शिक्षण. दुसरी. कारण, मुलाची अवजारे. तिसरी, मुलाचे लग्न.” त्या थांबल्या. कपाळावर आठी चढली. कुटुंबाची यादी त्यांनी वरून खाली आणि पुन्हा खालून वर पाहिली. “बाई, म्हणजे ही आणखी एक भानगड. तुमचा मुलगा शिकला, कामाला लागला, त्याचं लग्न झालं, आणि यादीत त्याचं नावच नाही? कमावता मुलगा तुम्ही कचेरीपासून लपवलात?”

वहिनीनं दिराकडे पाहिलं. धुलाईघराचा नियमच होता तसा, रक्कम फक्त पोटच्या मुलांसाठी मिळे, दिरासाठी नाही... हे आता कुणाला आणि कसं सांगावं?

दिरानं हात पुढे करून ते अर्ज घेतले. पहिल्यावरची तारीख त्यानं पाहिली. मग अक्षर पाहिलं. लहानपणी त्याच्या वह्यांना कव्हर घालून त्यांवर त्याचं नाव ज्या अक्षरात लिहिलेलं असे, तेच ते गोल, सावकाश अक्षर.

“दादानं काहीच ठेवलं नव्हतं?” त्यानं विचारलं.

“ठेवलं होतं की,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला ठेवलं होतं, माझ्याजवळ.”

त्यानं अर्ज मांडीवर ठेवले. दहा वर्षं ज्याला आपण देव्हाऱ्यात बसवलं, त्या दादाच्या मागे ही बाई उभी राहून आपल्याला हात देत होती, आणि आपण तिला घरात वेगळी चूल मांडलीत म्हणालो... पट्ट्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं, नाहीतर तो तिच्या पायांवरच कोसळला असता. तसाच ताठ बसून, तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून, तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

“वहिनी, मला मार तू. पण पुन्हा कधी ‘तुम्ही’ म्हणून बोललो तर माझ्याशी बोलू नकोस.”

तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेरा दिवस छातीत अडकलेलं काहीतरी त्या एका ‘तू’नं मोकळं झालं होतं!

खिडकीवाल्या बाईंनी थोडा वेळ खाली पाहून शिक्क्याची शाई नीट केली. मग त्यांनी फरकाच्या कारणासमोर ‘मान्य’ लिहून शिक्का मारला आणि भत्ता पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू होईल, थांबलेलाही मिळेल, असं सांगितलं. पण इतक्यानं सुटका होणार असती तर ती कचेरी कसली? पेन यादीवर अडलंच.

“पण यांचं नातं मी काय लिहू?” त्या जरा घुटमळत म्हणाल्या. “तुमच्या अर्जात दीर आहे आणि इथे तीनदा मुलगा. रकाना तर एकच आहे.”

दीर सांगायला गेला, पण डोळ्यांबरोबर नाकही वाहत होतं. वहिनीनं पिशवीतून शाईनं काळा पडलेला एक जुना रुमाल काढला आणि त्याच्यापुढे धरला.

“अहो भाऊजी,” ती म्हणाली, “आधी नाक पुसा.”