पाण्याच्या कडेपासून तीस मीटर

दिवा जरा इकडे सरकव. आणि मध्ये बोलू नकोस, मला हे एका दमात सांगून टाकायचंय.

त्या दुपारी मी फक्त झेंड्या बघायला गेलो होतो. ताईच्या प्लॉटची मोजणी मीच केली होती. जागा छान, उताराची, खाली लांबवर पाणथळ पसरलेली. पण नियम असा की पाणथळीच्या कडेपासून तीस मीटर मोकळे सोडायचे आणि मगच घर बांधायचं. ती कड काही डोळ्यांना दिसत नाही. गिरमिटाने माती वर काढायची, बोटांत चोळायची. तपकिरी निघाली तर जमीन, राखाडी निघून कुजका वास आला तर पाणथळ. जिथे रंग बदलतो तिथे झेंडी. अशा अकरा झेंड्या मी लावल्या आणि तिथून मागे रस्त्यापर्यंत मोजलं, तर घराला चार मीटर कमी पडत होते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी गेल्यापासून भाड्याच्या खोल्यांतून फिरत होती, चौदा घरं झाली. "मोजपट्टी," ती मला अशीच हाक मारते, "आता परत खोकी बांधायला लावू नकोस हं मला." तिला काय सांगणार होतो मी? संध्याकाळी गेलो, मधल्या तीन झेंड्या उपटल्या आणि चार मीटर पुढे, लव्हाळ्यात रोवल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. वहीत नेहमीसारखी नीटनेटकी नोंदही केली, याचीच मला जास्त लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात परवाना खात्याच्या बाई तपासणीला येणार होत्या, म्हणून आदल्या दिवशी शेवटची नजर टाकायला गेलो, तीच ही दुपार. भर दुपारी पाण्यावरून धुकं चढत आलं. आधी रस्त्याचा आवाज बंद झाला, मग पाखरांचा, मग माझ्या बुटांचाही. वास आला तो चिखलाचा नव्हता. बऱ्याच दिवसांनी पेटी उघडल्यावर कपड्यांना येतो तसा होता. मला भीती नाही वाटली, उलट झोपेत चालल्यासारखं छान वाटत होतं.

"जरा टोक धरता का?"

लव्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात एक माणूस उभा होता. काखेत झेंड्यांचा जुडगा, हातात टेप. आमच्या धंद्यात एकट्याने मोजणारा दिसला की टोक धरायचं, कोण-कुठला विचारायचं नाही. टोक धरणारा "शून्य" म्हणतो, तेव्हाच समोरचा आकडा वाचतो. मी मधल्या झेंडीपाशी टोक धरलं. टेप फार गार होता.

"कोणाकडून आलात?" तरीही माझ्या तोंडून गेलंच.

"पलीकडून." त्याने पाण्याकडे मान केली. "आमच्याकडेही तोच नियम आहे. कोरड्या कडेपासून तीस मीटर सोडायचे... तुम्ही सोडता तेवढेच."

तो आत चालत गेला. पाणी वाजलं नाही. टेप माझ्या हातून उलगडत राहिला आणि मग थांबला.

"आमचं एक घर त्या तीस मीटरांत येतंय." आवाज धुक्यातून नाही, अगदी कानाशी आला. "मागच्या मोजणीत येत नव्हतं. एकटी म्हातारी आहे... हलवावं लागेल तिला."

"कुठे?"

"जिथे जागा होईल तिथे." टेप ताणला गेला. "शून्य तिथेच ना? नीट बघून सांगा. एकदा लिहिलं की आमच्याकडे खोडत नाहीत."

माझ्या मागे चार मीटरवर खऱ्या झेंडीचं भोक होतं. चार ढांगा मागे जायचं, एवढंच होतं. मी वळलोही. पण ताईची दोरीने बांधलेली खोकी डोळ्यांसमोर आली.

"शून्य," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच झेंडीपाशी गिरमिट घातलं. माती निघाली तपकिरी, कोरडी, भुसभुशीत. "काम चोख असतं हो तुमचं," त्या म्हणाल्या. आदल्या आठवड्यात तिथूनच मी राखाडी चिखल काढला होता.

नकाशा मंजूर झाला, दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. किल्ली हातात घेताना ताई लहान मुलीसारखी रडली. मी मनात म्हटलं, झालं ते बरंच झालं.

परवा गेलो तर ताई बाहेरच्या खोलीत खाली चटईवर बसली होती. आतलं दार लोटलेलं. मी हाक मारायला गेलो, तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"कोणाचा?"

"थकलीय रे बिचारी. म्हातारपणी घर सोडावं लागलं. मी म्हटलं, राहा इथेच. मला काय, सवय आहे." ती अगदी प्रसन्न हसली. "तिची तिकडची जागा रिकामीच आहे म्हणे."

ताईची खोकी दोरीने बांधून पाण्याच्या बाजूच्या दाराशी नीट रचलेली होती. दार उघडं होतं, उंबरा ओला होता. नकाशा मीच काढलाय या घराचा. त्या बाजूला मी दार ठेवलेलं नाही.