मळीतला मुक्काम

जेवणं झाली, गच्चीवर सतरंजी पडली आणि तेवढ्यात लाइट गेली. रुद्रेश आणि त्याच्या मित्रांच्या तोंडी दिवसभर एकच विषय होता, शनिवारी तंबू कुठं ठोकायचा.

"नदीकाठी," रुद्रेश म्हणाला. "पाण्याला अगदी लागून."

त्याचे थोरले चुलते मार्तंडकाका भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. तुळजापुरात तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. त्यांचा अडकित्ता थांबला.

"आमच्या स्वानंदलाही असंच पाण्याला लागून हवं होतं," ते म्हणाले. "ते मोबाइल खाली ठेवा. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो. पदरचं काही घालत नाही."

तर हा स्वानंद. इथल्याच पुजाऱ्याच्या घरातला, माझा विद्यार्थी. पुण्याची नोकरी सोडून आला आणि म्हणाला, मी मुक्कामाची जागा काढणार. लोक तंबू घेऊन येतील, झोपायची सोय असलेल्या गाड्या घेऊन येतील, चार दिवस मोकळ्या हवेत राहतील. वडील म्हणाले, "घरात गाद्या असताना लोक पैसे देऊन रानात झोपणार? कुणी सांगितलं तुला?" पण गडी हट्टाला पेटलेला. एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन सगळं बसवलं आणि जागा बघत हिंडायला लागला.

येरमाळ्याकडं डोंगराच्या कुशीत एक बघितली. झाडी छान, पण हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न रात्रभर उशाशी. बेंबळीजवळची त्याहून बरी होती, पण विहीर चौघा भावांत आणि चौघांचं एकमेकांशी बोलणं नाही. मग कुणीतरी त्याला गुरुलिंग आप्पाचं नाव सांगितलं. तेरच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या काठावर आप्पाची जमीन. वर चिंचेखाली टणक मुरमाड माळ, आणि खाली नदीला लागून गाळाची सपाट मळी. स्वानंदनं मळी बघितली आणि त्याचं मन तिथंच बसलं. तंबूची चेन उघडली की समोर पाणी! त्याला दुसरं काही दिसेना.

त्याची एक रीत मात्र चांगली होती. स्वतः एक रात्र राहिल्याशिवाय जागा पक्की करायची नाही. थंडी किती, डास किती, गाडी वळते का, सगळं अंगावर घेऊन बघायचं. आप्पा म्हणाला, "मग येळवशीलाच या की. जेवायलाबी या आन् ऱ्हायलाबी या."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, ही गेल्या वर्षीची. मार्गशीर्षातली. त्या दिवशी आपल्याकडं गावं ओस आणि शिवारं भरलेली असतात, हे तुम्हाला काय सांगायचं. स्वानंदबरोबर त्याची सहा वर्षांची पोरगी होती, अक्षरा. तंबूत झोपायचं म्हणून आठ दिवस नाचत होती. निघताना तिची आई, अश्लेषा, गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "पाण्याजवळ एकटी सोडू नका हं तिला." स्वानंद हसला. हिवाळ्यात तेरणेला पाणी ते किती!

दिवस झकास गेला. कडब्याची खोपटासारखी कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पांडवांचे दगड, भज्जी, आंबील, तिळाच्या पोळ्या. जेवताना आप्पाला एक फोन आला. तो उठून ज्वारीत गेला, बोलून परत आला आणि पुन्हा आग्रह करकरून वाढायला लागला. चेहऱ्यावर काही नाही.

दुपारी स्वानंद मळीत फिरला. काठावरच्या बाभळीच्या फांद्यांत काडीकचरा अडकलेला दिसला, डोक्याच्याही वर.

"आप्पा, पाणी इथवर येतं की काय?"

"ते पावसाळ्यातलं हाय, स्वानंदराव. आता कुठलं पानी?"

"वरच्या बंधाऱ्यातून सोडतात ना, रब्बीला?"

"सोडत्यात. पर आज न्हाय. बिनघोर झोपा."

आणि ऊन कलल्यावर याच आप्पानं नदीतली पाण्याची मोटार सोडवली. गड्यानं आणि त्यानं ती काठीला बांधून काठावर चढवली. चढावर स्वानंदनंही हात लावला! आप्पा म्हणाला, "चोऱ्या लई व्हत्यात हल्ली." आप्पाची बायको, शिवकन्याबाई, भांडी आवरत होती. तिनं मोटारीकडं बघितलं. मग अक्षराकडं बघितलं.

"पोरीला वर चिंचंखाली झोपवा की," ती नवऱ्याला म्हणाली.

आप्पानं तिच्याकडं नुसतं बघितलं. ती पदर तोंडाला लावून ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसली. दिवस मावळता सगळे गावात गेले. आप्पा तेवढा मागं राहिला. रानडुकरं हरभऱ्यात शिरतात म्हणून वर कोपीत बाज टाकून झोपतो म्हणाला.

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवतो. तो फोन बंधाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाचा होता, हे मागनं कळलं. पाणी रात्री सुटणार होतं. पण दुसऱ्या दिवशी जागेचा करार व्हायचा होता, आणि पाण्याचं नाव काढलं तर हे गिऱ्हाईक येरमाळ्याला पळालं असतं. गुडघाभर येईल, तेही पहाटे, त्याआधी हाक मारू, असा त्याचा हिशोब असावा. मोटारीसाठी मात्र त्यानं असला हिशोब केला नाही. संताप होतो माझा.

खाली मळीत गाडी उभी, तिच्याशेजारी तंबू. गाडीत मऊ पलंग असून अक्षराला तंबूच हवा होता. दोघं तंबूत झोपले, बारीक दिवा तसाच ठेवून. चंद्र नाही. थंडी मी म्हणत होती.

दोनच्या सुमाराला स्वानंदला जाग आली.

शेजारी हात गेला. पांघरूण होतं. पोरगी नव्हती.

तंबूची चेन उघडी.

तो बाहेर आला. पाण्याच्या कडेला कुणीतरी बसलं होतं. बाई. पाठमोरी. डोक्यावरून पदर. मांडीवर पोर, काळ्या घोंगड्यात गुंडाळलेलं. घोंगड्याबाहेर एक पाय लोंबत होता. पायात अक्षराचा गुलाबी मोजा.

"अहो..." तो म्हणाला. "ती... माझी मुलगी..."

बाईनं मान वळवली नाही.

"दादा, आज पानी सुटणार हाय का?"

आवाज साधा. आपल्या शिवारातल्या कुठल्याही बाईचा. स्वानंद सांगतो, भीती नंतर वाटली. आधी उत्तरच दिलं.

"नाही. आप्पा म्हणाले, नाही सुटणार."

तिनं पोराभोवतीचं घोंगडं सारखं केलं.

"व्हय... मलाबी तसंच म्हणले व्हते."

ती उठली. पोर खांद्यावर टाकलं आणि चालायला लागली. नदीकडं नाही. वर. चढाला.

स्वानंद मागं धावला.   ती चालत होती, हा पळत होता, आणि मधलं अंतर तेवढंच. त्याच्या पायाखाली ढेकळं फुटत होती. तिच्या पायाखाली काही वाजत नव्हतं. पदरातून पाणी गळत होतं, एवढं त्याला दिसलं.

चिंचेखाली ती वाकली. पोर खाली ठेवलं. अगदी हळू... झोपलेलं लेकरू ठेवतात तसं.

तेवढ्यात मागं आवाज झाला.

त्यानं वळून बघितलं. अंधारात मळी हलत होती. तंबूतला दिवा उचलला गेला, एकदा गरकन फिरला आणि विझला. मग गाडी. पत्रा दगडावर आपटल्याचा आवाज. एकदा. दोनदा. मग नुसतं पाणी.

तो परत वळला. अक्षरा चिंचेच्या बुंध्याशी झोपली होती. उघडीच, घोंगडं नाही. अंग कोरडं, उबदार. त्यानं तिला छातीशी धरलं आणि मटकन खाली बसला. रडला. बाई कुठं नव्हती.

"मग वाचली ना पोरगी," रुद्रेश हळूच म्हणाला. "भूत चांगलं होतं म्हणायचं."

"पोरीशी तिचं वैर नव्हतं," काका म्हणाले. "तिचं काम अजून व्हायचं होतं."

कोप तिथून हाकेच्या अंतरावर. आत आप्पा घोरत होता. स्वानंदला ते स्पष्ट ऐकू येत होतं. मग त्याच बाईचा आवाज आला. कोपीच्या दारातून.

"आप्पा... आज पानी सुटणार हाय का?"

घोरणं थांबलं. आणि झोपेतच, सवयीनं बोलावं तसा आप्पा बोलला.

"न्हाय, न्हाय. बिनघोर झोप."



"नक्की, आप्पा?"

बाज करकरली.

"कोन हाय?..."

बाज पुन्हा करकरली.

"कोन... म्हाळसे? म्हाळसे, मला... मी तुला सांगणारच..."

पुढं शब्द नव्हते. घागर बुडवताना होतो, तसला आवाज. बुडबुड... बुडबुड... बराच वेळ. स्वानंदच्या मांडीवर पोरगी होती. तो उठला नाही.  उजाडेपर्यंत तो चिंचेला पाठ लावून तसाच बसून राहिला, तिचे कान झाकून.

सकाळी माणसं आली. नदी पुन्हा काठाच्या आत गेली होती, रात्रीसुद्धा पाणी चिंचेपर्यंत पोचलं नव्हतं. कोप तर त्याच्याही वर. कडबा कडक वाळलेला. बाजेवरची वाकळ कोरडी. आणि वाकळीवर आप्पा, नखशिखांत ओला. तोंडात नदीचा गाळ. नंतर डॉक्टरांनीही सांगितलं, छातीत पाणी भरलंय, हा माणूस बुडून मेलाय.

शिवकन्याबाई आली. नवऱ्याकडं एकदा बघितलं. डोळ्यांत पाणी नाही. स्वानंदनं तिला विचारलं, "म्हाळसा कोण?"

"लिंबाजी धनगराची बायकू," ती म्हणाली. "म्हाळसाबाई. चार-पाच वर्सं झाली. आमच्या मळीत मेंढरं बसवली व्हती."

"म्हणजे?" रुद्रेशच्या मित्रानं विचारलं.

अरे, मेंढरं बसवायची म्हणजे धनगराचा कळप रात्री आपल्या रानात बसवून घ्यायचा. लेंडीमुताचं खत रानाला, बदल्यात धनगराला धान्य. त्या वेळी मळीचा एक तुकडा खतवायचा राहिला होता. आणखी एका रात्रीचं काम. आणि त्याच दिवशी पाणी सुटायची खबर आली. सांगितलं असतं तर लिंबाजीनं मेंढरं वर हलवली असती, तुकडा तसाच राहिला असता.

"सांजंला म्हाळसानं आमच्या मालकाला इचारलं," शिवकन्याबाई म्हणाली. "आप्पा, पानी सुटणार हाय का, लेकरू ल्हान हाय. ते म्हणले, न्हाय, बिनघोर झोप. आन् अंधार पडल्यावर मोटार वर आणली. म्या कंदील धरला व्हता."

लिंबाजी कळपाबरोबर वरच्या टोकाला होता, तो वाचला. मेंढरं बहुतेक वाचली. त्यांचं राहायचं पाल पाण्याच्या कडेला होतं, तिथं म्हाळसाबाई होती, आणि तिच्या कुशीत आठ महिन्यांचं लेकरू. दोघं खाली बाभळीत अडकलेली सापडली. आप्पानं लिंबाजीला सांगितलं, मला तरी काय ठाऊक! लिंबाजीनं विश्वास ठेवला नाही, पण बोलला काही नाही. कळप घेऊन गेला. तेव्हापासून एकाही धनगरानं त्या शिवारात मेंढरू घातलेलं नाही. लांबून वळसा घेऊन जातात.

"काल बी म्या मोटार बघितली," शिवकन्याबाई म्हणाली. "काल बी गप ऱ्हायले."

मग चौघांनी आप्पाला उचललं, बाज बाजूला केली, आणि चौघंही तसेच मागं सरले. बाजेखाली, बाजेभोवती, पांडवांपर्यंत, कोपीची सगळी जमीन झाकून गेली होती. शिवकन्याबाई वाकली आणि तिनं मूठभर उचलून बघितलं.

मेंढ्यांच्या लेंड्या होत्या, अख्खा कळप रात्रभर बसावा एवढ्या. ताज्या. त्या थंडीत त्यांच्यातून वाफ निघत होती.