जोडठोका

भांड्यांच्या जाळीतला एक चमचा घसरला आणि ओट्यावर टण्णकन वाजला. दुपारची शांतता त्या एवढ्याशा आवाजाने तडकली. तिने लॅपटॉपवरचे हात तसेच हवेत धरले. आतल्या खोलीत पोरगी कुशीवर वळली, एक उसासा आला, आणि पुन्हा सगळं गप्प झालं. तिचा जीव भांड्यात पडला. पोरगी झोपेल तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. बाकीच्या दिवसावर त्या इवल्याशा मालकिणीचं राज्य.

त्या चोरलेल्या वेळात ती लोकांच्या सहली आखायची. एका प्रवासी कंपनीचं काम घरून करायची, आणि म्हाताऱ्या माणसांच्या सहलींत तिचा हातखंडा होता. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाला विमानात संडासाजवळची जागा हवी, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. या वेळची सहल मात्र घरचीच होती. तिचे बाबा सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला होता. बायको गेल्यापासून ते लेकीकडेच राहत आणि नातीला सांभाळत. त्या बँडची सगळी म्हातारी मंडळी समुद्रापलीकडच्या एका शहरात जमणार होती. तरुणपणी तिथल्या मैदानावर त्यांनी संचलनात वाजवलं होतं. तिथेच पुन्हा एकदा वाजवायचं, एवढीच हौस. तिनेही हौसेने काम अंगावर घेतलं.

आणि मग फोन सुरू झाले.

"पोरी, झांजवाल्याला माझ्याशेजारी बसवू नकोस हं," ट्रम्पेट वाजवणारे काका म्हणाले. "उभा जन्म माझ्या कानाशी झांजा आपटल्यात त्याने."

झांजकाकांनी लगेच फोन केला. "त्याच्याच शेजारी बसव. तो बहिरा झालाय, मी घोरलो तरी त्याला कळायचं नाही."

ती हसून हसून बेजार झाली. पण जागा ठरवता ठरवता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. म्हाताऱ्यांच्या सहलीत आखणीपासून निघेपर्यंत एखादं नाव गळतंच. त्याला आता ती सरावली होती. आणि इतक्या जुन्या मंडळींचं संमेलन म्हटलं की निम्म्या खुर्च्या रिकाम्याच असायच्या. इथे एकही नाव गळालं नव्हतं. बँडमास्तरांनी तर नव्वदी ओलांडली होती, आणि त्यांचा आवाज फोनवर खणखणीत यायचा.

संध्याकाळी बाबा पोरीच्या फ्रॉकांच्या घड्या घालत बसले होते. त्यांच्या घड्या अशा, की कडेला कड जुळायची.

"बाबा, तुमच्या बँडमधले सगळेच आहेत? म्हणजे… अजून?"

"सगळे आहेत. ढोल्या सोडून."

"ढोल्या कोण?"

"मोठा ढोल वाजवायचा. तो तिकडेच राहिला."

तिकडे लग्नबिग्न करून राहिला असेल, असं तिला वाटलं. तिने पुढे विचारलं नाही.

त्यानंतर एकेकाचे फोन वेगळ्याच कारणासाठी यायला लागले. आवाज खाली आणून, जवळपास लाजत, प्रत्येक जण एकच सांगायचा. "बेटा, माझं परतीचं तिकीट काढू नकोस." तिने समजावलं, तसं चालत नाही, परतीचं असावंच लागतं. "बरं, काढायचं तर काढ," म्हणायचे, एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसे. पण बाबांनीही तेच सांगितलं, तेव्हा तिच्या कपाळावर आठी आली.

"का? माझ्याकडे कंटाळलात?"

"वेडी आहेस का," बाबा म्हणाले आणि पुढचा फ्रॉक हातात घेतला.

प्रवासाआधी सगळ्यांची तपासणी व्हायची होती. कंपनीने एक सभागृह घेतलं, डॉक्टरीणबाई आल्या. कडेने खुर्च्या मांडल्या होत्या आणि म्हाताऱ्यांची ही गडबड. कोण कुणाच्या टकलावर टिचक्या मारतोय, कोण ओठ फुगवून न दिसणारं ट्रम्पेट वाजवतोय. पोरगी सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला हळूच बाजूला बोलावलं.

"मशीन बिघडलं समजून मी दुसरं मागवलं," त्या म्हणाल्या. "तेही तसंच दाखवतंय. तुम्हीच बघा."

त्यांनी तिचा एक हात बँडमास्तरांच्या मनगटावर ठेवला, दुसरा बाबांच्या.

ठक. ठक. ठक. दोन्ही हातांखाली एकाच वेळी.

"आता हा सोडा. यांचा धरा."

ट्रम्पेटकाकांचं मनगट जाड, थंडगार. तिथेही तेच. झांजकाकांचंही तेच. न धावता, न रेंगाळता, सगळ्यांचं एकदम.

"जिने चढायला लावले," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "तरी वाढत नाही. माझ्या उभ्या नोकरीत मी असं पाहिलं नाही. पण आजार म्हणून लिहू काय? काहीच झालेलं नाही त्यांना." त्यांनी सह्या केल्या.

तिने खुर्च्यांच्या रांगेकडे पाहिलं. म्हातारे गप्पांत दंग होते. प्रत्येक जण वेगळं बोलत होता, वेगळा हसत होता. पण खाली, खुर्च्यांखाली, सगळ्यांचे डावे पाय एकदम उचलले जात होते आणि एकदम टेकत होते.

तिला आईचं बोलणं आठवलं. आई हयात असताना थट्टेने म्हणायची, "हा माणूस अंथरुणातसुद्धा परेड करतो," आणि आपलं अंथरूण वेगळं घालायची. घरात सगळे हसायचे. तीही हसायची.

घरी आल्यावर तिने बाबांना समोर बसवलं. चहा दोघांचाही तसाच निवला.

"बँडला तोंडी हुकूम नसतो, बाळा," बाबा म्हणाले. "एवढ्या आवाजात ऐकू कुणाला येणार? थांबायचं झालं की मोठा ढोल दोन ठोके देतो, एकाला एक जोडून. जोडठोका. तो आला की धून पुरी करायची आणि थांबायचं. नाही आला तर चालत राहायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मग?"

"त्या दिवशी मैदानाच्या मधोमध ढोल्या पडला. जागच्या जागी गेला. जोडठोक्यासाठी उचललेला हात तसाच वर. आम्ही वाजवत राहिलो. त्याला वळसा घालून पुढे गेलो, वळून पुन्हा आलो. पुन्हा गेलो. ओठ फुटले, रक्त आलं. कुणाला थांबताच येईना. शेवटी लोक धावत आले आणि आमच्या हातांतली वाद्यं काढून घेतली."

"मग थांबलात ना?"

"वाद्यं काढून घेतली," बाबा म्हणाले.

बाहेर कुणाचा तरी दरवाजा लागला. ती दचकली. बाबा दचकले नाहीत. टेबलाखाली त्यांचा पाय संथपणे वर-खाली होत होता.

"तिकडे जाऊन काय होणार आहे, बाबा?"

"जोडठोका मिळेल."

"आणि मिळाल्यावर?"

त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिला कळायचं ते कळलं. आपल्याच हातांनी आपण बापाला पोचवायला निघालोय, जागा राखून, सामानाला चिठ्ठ्या लावून.

नवऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, म्हातारी माणसं काहीबाही बोलतात, तू कशाला मनाला लावून घेतेस. दुसऱ्या दिवशी पोरगी झोपताच तिने त्या मैदानाच्या कचेरीत फोन लावला. ढोलच मिळाला नाही तर कसला जोडठोका! तिथली व्यवस्था पाहणारी बाई मोठी मनमोकळी होती.

"मोठ्या ढोलाची सोय करू नका," तिने त्या बाईला सांगितलं. "आमच्याकडे ढोल वाजवणारं कुणी नाही."

"अहो, असं कसं? ते तर आलेत की."

"कोण?"

"तुमचे ढोलवाले. रोज येतात मैदानावर. गवत कापायलासुद्धा हात लावतात. मंडळी कधी येणार, कधी येणार, सारखं विचारतात." बाई हसली. "मी आमच्या माणसाला म्हटलंसुद्धा, बँडमधले बाकी सगळे म्हातारे, आणि हे एवढे कोवळे कसे?"

फोन कधी ठेवला ते तिला आठवलं नाही.

तिने बाबांचा पासपोर्ट पोरीच्या खेळण्यांच्या टोपलीत खाली दडवला. बाबांनी शोधला नाही, विचारलंही नाही. फक्त एका दुपारी ती खोलीत डोकावली, तेव्हा बाबा आरामखुर्चीत झोपले होते आणि पोरगी त्यांच्या छातीवर. जन्मल्यापासून तिला तिथेच झोप लागायची. आईच्या कुशीत चुळबुळणारी पोर आजोबांच्या छातीला कान लागला की निवायची. बाबांचे पाय चालत होते. घासून घासून टाचांची सालं निघाली होती. मोज्यांवर तांबूस डाग होते. झोपेतसुद्धा त्यांचा चेहरा लांबून चालत आलेल्या माणसासारखा दमलेला होता.

त्यांनी डोळे उघडले. पोरगी उठू नये म्हणून अगदी हळू म्हणाले, "मला थांबू दे ना गं."

ती दाराला टेकून रडली. मग टोपली उपसून तिने पासपोर्ट काढून दिला.

निघताना म्हातारे सहलीला निघालेल्या शाळकरी पोरांसारखे खिदळत होते. झांजकाका अखेर ट्रम्पेटकाकांच्याच शेजारी बसणार होते. बाबांनी नातीचे खूप पापे घेतले. लेकीकडे मात्र धड पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जाता आलं नसतं.

संचलनाच्या दिवशी तिच्याकडे दुपार होती आणि तिकडे सकाळ. कचेरीतल्या बाईने आपणहून व्हिडिओ कॉल लावला. "बघा, बघा, काय रुबाब आहे तुमच्या वडिलांचा!"

हिरवंगार मैदान. पांढरे हातमोजे घातलेले म्हातारे रांगांमध्ये उभे होते. एकाचीही पाठ वाकलेली नव्हती. बाबा दुसऱ्या रांगेत, क्लॅरिनेट ओठांशी. मधोमध मोठा ढोल होता. ढोल एवढा, की त्याच्यामागचा माणूस दिसतच नव्हता. दिसत होते फक्त त्याचे दोन हात. तरुण, गुळगुळीत हात.

धून सुरू झाली. तिने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि तोंडावर पदर दाबून पाहत राहिली. रडायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

पोरगी खोलीभर त्या तालावर चालायला लागली. डावा, उजवा. डावा, उजवा. हात ताठ, मान ताठ.

"अरे वा," ती म्हणाली. "कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही. मला येतंच."

बँड मैदानाच्या टोकाला गेला, वळला. आता तो समोरून येत होता. तिला ते एकटीला पाहवेना. तिने पोरीला उचलून छातीशी घट्ट धरलं.

पोरीच्या टाचा तिच्या कमरेवर आपटत राहिल्या. डावी, उजवी.

"पुरे आता, सोनू."

टाचा थांबल्या नाहीत.

आणि मग पातळ फ्रॉकमधून तिला ते लागलं. पोरीचं काळीज. ठक. ठक. ठक. न धावता, न रेंगाळता. इतका वेळ खोलीभर नाचूनही न वाढलेलं.

ढोलाबरोबर.

तिने फोनकडे झेप घेतली. बाबा, थांबा, असं ओरडण्यासाठी तोंड उघडलं, आणि तो शब्द तिने घशातच दाबला. तोच शब्द नको होता.

"वाजवत राहा!" ती किंचाळली. "बाबा, वाजवत राहा! अहो बाई, त्यांना सांगा, वाजवत राहा म्हणावं!"

"काय म्हणताय? आवाजात काही ऐकू येत नाही हो," बाई आनंदाने म्हणाली.

बँड मैदानाच्या मधोमध आला.

ढोलामागून उजवा हात वर गेला. खूप वर.

चित्र तिथेच गोठलं. आवाज तुटला.

खोलीत काही वाजत नव्हतं. फक्त तिच्या कमरेवर दोन छोट्या टाचा. डावी, उजवी. डावी, उजवी. ती श्वास रोखून उभी राहिली.

पोरीने गोठलेल्या चित्रातल्या आजोबांकडे निरखून पाहिलं, आणि मग मान वर करून आईकडे.

"आई, आजोबा थांबले. मी पण थांबू?"