बाळासोचा ओळंबा

सप्टेंबर सरत आला होता, तरी गगनबावड्याच्या वरच्या वाडीत भर दुपारी धुकं उतरायचं. संघप्रिया अंजनाकाकीच्या दारात आली ती साध्याच कामाला. शाळेची भिंत सरळ उभी राहतेय का, हे बघायला ओळंबा हवा होता. दोरीला टांगलेला तो पितळी लोळा बाळासो गवंड्याच्याच घरी मिळणार.

"न्हाय मिळायचा," काकी भाकरी थापता थापता म्हणाली. "त्यांच्या मुठीतनं सुटंना. तसंच पुरलं की आमी."

संघप्रियाची मान खाली गेली.

उचगावची ही पोरगी शिष्यवृत्तीवर नॉर्वेत शिकली आणि परतली ती पेटूनच. तिच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यापीठाची पोरं दरवर्षी तीन आठवडे वाडीत राहत, गावाबरोबर राबत, शाळा बांधत. गेल्या वर्षी तिला कळलं, की पोरांनी दिवसभर रचलेले जांभ्याचे वाकडेतिकडे चिरे बाळासो गवंडी रोज संध्याकाळी गुपचूप उतरवतो आणि नीट रचून ठेवतो. ती कडाडली होती, "हा त्यांच्या श्रमाचा अपमान आहे! एक चिरा हलवायचा नाही."

"ताई, पडंल की ती," एवढंच बाळासो म्हणाला होता.

चौथ्या दिवशी तो ओळंबा लावून बघत असताना भिंत त्याच्याच अंगावर आली. अहवालात तिने लिहिलं, अतिवृष्टी. खरं लिहिलं असतं तर शाळा तिथंच थांबली असती.

रिकाम्या हाताने ती परत निघाली. धुक्यातून थापीचा आवाज येत होता. टक... टक... पोरं कामाला लागली वाटतं, असं म्हणत ती पोचली, तर सगळी ताडपत्रीखाली जेवत बसलेली. आणि सकाळची वाकडी भिंत पट्टीने आखल्यासारखी सरळ. सांध्यातला माल अजून ओला होता.

त्या पोरांतली इंग्रिड हात पुसत धावत आली. "बघ, जमलं मला!" म्हणत तिने छातीएवढ्या भिंतीच्या माथ्यावर कौतुकाने तळवा टेकवला.

शेजारचा चिरा उचलला गेला. हवेत क्षणभर थांबला आणि तिच्या हातावर आदळला. हाडं चुरल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला. त्यावर दुसरा आदळला. मग तिसरा.

चार पोरांनी जोर लावला. पहार वाकली, चिरा हलेना. इंग्रिडची किंकाळी बसत चालली. रक्त ओघळतच नव्हतं. जांभ्याच्या भोकांत मुरत होतं.

संघप्रियाला ओल्या मातीचा वास आला. कानाशी कुणीतरी पुटपुटलं.

"ताई... उतरवू?"

"उतरवा!" ती किंचाळली. "बाळासोदादा, सगळी उतरवा! चुकलं माझं..."

चिरे हलके झाले. हात निघाला. तीन बोटं आतच राहिली.

रुग्णवाहिका कोल्हापूरकडे गेली, तेव्हा काकी रस्त्याच्या कडेला उभी होती. "औंदा काय लिवणार, पोरी? पाऊसच?"

संध्याकाळी संघप्रिया लॅपटॉपसमोर बसली. खरं लिहायचं तर दोन ओळींचं काम. पण छप्पर अजून व्हायचं होतं, वाडीची चाळीस पोरं गोठ्यात बसून शिकत होती. तिने लिहिलं, पाय घसरून अपघात. आणि पाठवून दिलं.

सकाळी भिंत छपराच्या उंचीला पोचलेली होती. तिच्या अंगाला पितळी ओळंबा लोंबत होता, मातीने माखलेला. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती, ओळंबा मात्र तसूभर हलत नव्हता. दोरी वर दोन चिऱ्यांच्या सांध्यात शिरली होती. संघप्रियाने ती हळूच ओढली.

आतून कुणीतरी ओढली.

मनगटाला तिढा पडला, कातडी सोलली. ती ओरडली तशी काकी आली. तिने हात पुढे केला नाही. एक डोळा मिटून, गवंड्याच्या बायकोच्या सवयीने, भिंत खालपासून वरपर्यंत बघितली.

"अजून वाकडीच हाय," म्हणाली.

वर, धुक्यात, थापी वाजली. टक...