कापसाच्या खोलीतली हाक

काजल, ते कानातले इअरफोन आधी काढून ठेव. गोष्ट ऐकायची तर दोन्ही कान मोकळे हवेत, आणि गोष्टही असल्याच इअरफोनची आहे. कळसाडीच्या हेमकांतवर गुदरलेली. मी त्याला शाळेत शिकवलंय. पोरगा थापाड्या नाही.

बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन येतात ना, ते हेमकांत घरी बसून तपासायचा, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीसाठी. कापडाच्या दुकानातून त्याने पुतळ्याचं डोकं मागून आणलं होतं. त्याच्या कानात बारीक माइक, वरून हेडफोन. मग स्पीकरवर ट्रॅक्टरची घरघर लावायची आणि पुतळ्याच्या कानापर्यंत ती किती पोचते, ते लॅपटॉपवरच्या रेघेत बघायचं. स्वतःच्या कानात इअरफोन खुपसून हेमकांतही तेच ऐकत बसे. पुतळा जे ऐकतो तेच.

मागच्या मार्गशीर्षातली अमावस्या. सकाळपर्यंत मोजमापं कंपनीला पोचली तर नोकरी पक्की होणार होती. पण पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर चाललेले. असल्या गोंगाटात कसलं मोजमाप होतंय? तेव्हा त्याला मागची कापसाची खोली सुचली. वेचलेला कापूस आढ्याला टेकलेला, दाराशी बसण्यापुरती जागा. फोन ओसरीवर चार्जिंगला लावला आणि नऊच्या सुमाराला आत जाऊन दार ओढून घेतलं. टाळी वाजवली तर तीही नीट उमटेना, सगळा आवाज कापूसच पिऊन टाकत होता. गडी खूश झाला. आईला सांगायचं मात्र राहिलं.

त्याची आई छबूबाई. निजण्याआधी ती त्या दाराशी उभी राहून हाक देते, "कोनी शे का मजार?" आत कोणी आहे का, म्हणून. थोडं थांबते आणि मगच बाहेरून कडी लावते. हेमकांतच्या आधी तिला एक मुलगी होती, चेतना. सहा वर्षांची पोर लपाछपीत त्याच खोलीत लपली आणि कोणीतरी न बघता कडी लावली. लोक विहिरी धुंडाळत बसले. सापडली ती कापूस विकायला काढला तेव्हा. त्या माउलीने हे कसं सोसलं असेल, तिचं तिलाच ठाऊक.

त्या रात्रीही तिने हाक दिली. हेमकांतच्या कानात इअरफोन, त्याला कुठून ऐकू येणार?

त्याने नुकतंच हेडफोनचं बटण दाबलं होतं. ट्रॅक्टरची घरघर विरली, रेघ आडवी झाली. आणि एकदम उसळली.

"मी शे."

लहान पोरीचा आवाज. शेजारची असेल, त्याला वाटलं. पण बाहेरचा आवाज असता तर हेडफोनने मारला असता. हा मारला नव्हता. म्हणजे आवाज हेडफोनच्या आतला होता... त्या पुतळ्याच्या कानाजवळचा.

"मी शे..."

त्याने इअरफोन उपटले. दाराबाहेर कडी पडली, खट्. दार ढकललं, हलेना. आईला हाक मारली. ती कापसातच जिरली. तेवढ्यात लाइट गेली.

तो दारावर धडका देऊ लागला. धडक्यांनी ढीग हलला. पायाशी आला... गुडघ्याशी... कमरेशी. ओरडायला तोंड उघडलं की तोंडात कापूस. हात वर काढला, वरून आणखी कोसळला. छातीपर्यंत. श्वास घ्यायचा, तर किती घ्यायचा? लॅपटॉपचा निळसर उजेड तेवढा उरला होता. तो मेल्याहून मेला झाला होता, मुलांनो. गळ्यात लोंबणारे इअरफोन त्याने चाचपडत कानात घातले. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

आत कोणीतरी श्वास घेत होतं. मग अगदी हळू...

"माय... भाऊ मजार शे."

मग काहीच नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. कडी निघाली. बॅटरी घेऊन छबूबाई उभी. दोन्ही हातांनी कापूस उपसून तिने पोराला बाहेर ओढला आणि छातीशी धरून रडली.

"डोळा लागेल व्हता मन्हा," ती म्हणाली. "कानमा कोनीतरी बोलनं, भाऊ मजार शे. म्हनीसन उनू मी." म्हणून आली होती ती.

तिने त्याला धरून ओसरीवर नेलं, पाणी पाजलं. मग उठून त्या दाराची कडी लावून आली. पोरगा तर बाहेर आला होता... या वेळी मात्र कडी लावण्याआधी तिने हाक दिली नाही.

लॅपटॉप आतच राहिला होता, बॅटरी संपेपर्यंत चालू. दुसऱ्या दिवशी हेमकांतने ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं. आईला ऐकवायची त्याची हिंमत नाही, आणि माझीही नाही. आईची हाक त्यात कुठेच नाही, हेडफोनने पुसली. हेमकांतचं ओरडणं नाही. शेवटी, तो बाहेर पडल्यावर, कडी लागल्याची पुसटशी खूण तेवढी आहे. मग बराच वेळ रेघ आडवी. आणि मग, अगदी कानाला लागून...

"आनि मी, माय?"